रविवारी पोट दुखतं का?



मागच्या वर्षी एका गटाचं दप्तर तपासायला बसले होते. गाव आपल्या चाकूर तालुक्यातलंच, नाव सांगत नाही. बचत वेळेवर, हजेरी चांगली, परतफेड चोख. अंतर्गत कर्जाच्या नोंदी बघताना एकाच ताईच्या नावावर पाच महिन्यांत तीन कर्जं दिसली. आधी पंधराशे, मग दोन हजार, मग परत दोन हजार. कारणाच्या रकान्यात तिन्ही वेळा एकच शब्द होता : ‘मुलाचा दवाखाना’.

मी काय केलं? हप्ते जुळतात का ते पाहिलं, सही केली आणि पान उलटलं. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत आम्हाला सारखं सांगत होते की आकड्यामागचं माणूस बघा. त्या दिवशी मी नुसता आकडा बघितला.

पुढच्या दोन बैठकांना त्या ताई आल्याच नाहीत. तिसऱ्या बैठकीला आल्या आणि सगळ्यांसमोर डोळ्याला पदर लावला. “मॅडम, लेकराचं पोट दुखायलंय. रोज सकाळी. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, जंताचं औषध झालं, सलाईन झाली. काहीच निघत नाही. उतारा बी टाकला. शाळा बुडायलीय. घरचे म्हणायलेत, नाटकं करतंय, दोन ठेवून दे.”

त्याच महिन्यात गावच्या शाळेत मुलांच्या तपासणीचं सरकारी पथक येणार होतं. आशाताईंनी त्या आईला मुद्दाम बोलावून घेतलं. पथकातल्या डॉक्टर मॅडमनी पोराचं पोट नीट तपासलं, जुने कागद वाचले आणि आईला एक साधा प्रश्न विचारला : “रविवारी पोट दुखतं का?”

आई विचारात पडली. “नाही. दिवाळीच्या सुट्टीत बी नव्हतं दुखलं.”

मग डॉक्टर मॅडमनी पोराला बाजूला घेतलं. शाळेत कधी जास्त दुखतं, असं विचारलं. बराच वेळ ते खाली मान घालून बसलं. मग म्हणालं, “वाचायला उठवतेत तेव्हा.”

पोरगं सहावीत होतं आणि त्याला सलग एक ओळ वाचता येत नव्हती. इतरांचं ऐकून पाठ करून ते वर्गामागून वर्ग पुढे आलं होतं. आता धडे लांब झाले, पाठांतर पुरेना, आणि वर्ग हसायला लागला. त्याचं पोट खरंच दुखत होतं, ते खोटं बोलत नव्हतं. दुखण्याची सुरुवात मात्र पोटात नव्हती. ती वाचनाच्या तासाला होती.

दवाखान्यात गेलेले पैसे सोडा, त्या लेकराचं जवळजवळ एक वर्ष गेलं. म्हणून या अंकात मी लेकरांच्या मनाच्या दुखण्याबद्दल लिहितेय. आणि ते ओळखायला आपल्या नेहमीच्या डॉक्टरला आपण कशी मदत करू शकतो, याबद्दलही.

मन दुखतं तर पोट का दुखतं?

आपल्याला सासरी काही बोललं तर आपण बहिणीला फोन करतो, गटात बोलतो. लेकराकडे तेवढे शब्द नसतात. भीती, लाज, दुःख त्याच्या अंगातून बाहेर येतं. आपल्या मेंदूचा आणि आतड्यांचा जवळचा संबंध आहे. परीक्षेच्या दिवशी संडासला लागतं, घाबरलं की पोटात गोळा येतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. हेच रोज व्हायला लागलं की आजार वाटतो.

चाळिशीच्या पुढच्या ताईंना ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आठवत असेल. किल्लारीचा भूकंप झाला आणि नंतर कितीतरी दिवस लोक घरात झोपायला धजत नव्हते. साधी गाडी गेली तरी छातीत धस्स व्हायचं. भीती अंगात बसते म्हणजे काय, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको.

लेकरांमध्ये हे असं दिसतं :

- लहान लेकरू (अंगणवाडीचं वय) : सुटलेली सवय परत लागते, म्हणजे अंथरुणात लघवी. आईला सोडतच नाही. बोलणं उशिरा येतं किंवा आलेलं कमी होतं. हाक मारली तर बघत नाही.
- शाळेतलं लेकरू : सकाळी पोट, डोकं दुखणं. शाळेला नको म्हणणं. एका जागी अजिबात न बसणं. अभ्यासात एकदम मागे पडणं. मारामारी.
- मोठं लेकरू (दहा-बाराच्या पुढचं) : झोप आणि जेवण बिघडणं. सगळ्यांपासून तुटून राहणं. चिडचिड, नशा. ‘मी असून काय उपयोग’ असं बोलणं. आपल्याकडे नीटच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहणारी पोरंपोरी असतात. फोनवर ‘मी बरा आहे’ एवढंच सांगणारं लेकरू बरंच असेल, असं धरू नका.

यातलं एखादं लक्षण दोन-चार दिवस दिसलं तर घाबरायचं कारण नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त टिकलं आणि शाळा, खेळ, जेवण, झोप यात अडथळा आला, तर दाखवायचं.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पोटदुखी मनाचीच आहे, हे घरी बसून आपण ठरवायचं नाही. वजन घटतंय, ताप येतोय, संडासात रक्त पडतंय, दुखण्यानं रात्री झोपेतून उठतंय, सारखी उलटी होतेय, असं असेल तर लगेच डॉक्टर. आधी अंग तपासायचं, सोबत मनाचंही विचारायचं.

हे फक्त आपल्याच घरात आहे का?

नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याचा मोठा सर्व्हे केला. १३ ते १७ वयाच्या १०० मुलांमागे साधारण ७ जणांना मनाचा काही ना काही आजार दिसला. म्हणजे साठ पोरांचा वर्ग असेल तर चार पोरं. आपल्याला ती ‘आळशी’, ‘हट्टी’, ‘घुमी’ म्हणून माहीत असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मनाचे निम्मे आजार चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे ते ओळखायची वेळ लेकरू आपल्या घरात, आपल्या डोळ्यासमोर असतानाची आहे.

डॉक्टरच्या लक्षात का येत नाही?

डॉक्टरला दोष देणं सोपं आहे. पण ओपीडीत बसून बघा. बाहेर साठ-सत्तर पेशंट, एकेकाला मिळतात दोन-तीन मिनिटं. आपण म्हणतो ‘पोट दुखतंय’, डॉक्टर पोटाचं औषध देतो. एमबीबीएस शिकताना मानसोपचाराला फार थोडे दिवस मिळतात. आणि समजा शंका आली, तरी पाठवायचं कुणाकडे? आपल्या देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. त्यात फक्त लेकरांच्या मनाचे तज्ज्ञ तर बोटावर मोजण्याइतके, आणि तेही मोठ्या शहरांत.

मग उपाय काय? गावोगावी असे तज्ज्ञ लगेच मिळणार नाहीत. पण लेकरू ज्याच्याकडे आधीच जातं, त्या डॉक्टरला शिकवता येतं आणि त्याच्या पाठीशी तज्ज्ञ उभा करता येतो. निम्हान्सनं १९८० च्या दशकात शेजारच्या कर्नाटकात, बळ्ळारी जिल्ह्यात हे करून बघितलं. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि कर्मचारी यांना शिकवलं आणि गावपातळीवर उपचार होऊ शकतात हे दाखवलं. त्यावरूनच १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

बाहेरचंही एक उदाहरण सांगते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचं राज्य आहे. तिथे २००४ साली राज्यभर एक सोय सुरू झाली. मुलांच्या डॉक्टरला समोरच्या लेकराबद्दल शंका आली की त्यानं नेमून दिलेल्या बालमनोविकारतज्ज्ञाला फोन करायचा आणि सल्ला घ्यायचा, बहुतेकदा त्याच दिवशी. लेकराला लांब पाठवावं लागत नाही, ते ओळखीच्या डॉक्टरकडेच राहतं. नंतर तिथल्या बऱ्याच राज्यांनी हीच पद्धत उचलली. तिथेही तज्ज्ञ कमीच आहेत, बरं का. म्हणून तर ही युक्ती काढावी लागली.

आपल्याकडे काय काय आहे?

आपल्याकडे अगदी तशीच एक खिडकी नाही. पण वेगवेगळ्या योजनांचे दुवे आहेत. ते एकमेकांना जोडून घ्यावे लागतात आणि जोडायला बहुतेक वेळा आईच लागते. म्हणून नीट वाचा.

१. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच राज्यातल्या पालघरमधून याची सुरुवात झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी आहे. पथकात दोन डॉक्टर (एक पुरुष, एक बाई), औषधनिर्माता आणि नर्स असतात. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा यायला हवं. आपल्याला वाटतं हे लोक दात, डोळे, वजन बघतात. पण त्यांच्या यादीत उशिरा बोलणं, स्वमग्नता, अतिचंचलपणा आणि वाचन-लेखनाची अडचण हेही आहे. गरज असेल तर ते जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी केंद्राकडे पाठवतात. तिथे लेकराच्या वाढीची, बोलण्याची, वागण्याची तपासणी होते. पुढचा उपचार मोफत असतो.

२. गावचं उपकेंद्र, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, आपण त्यांना सीएचओ म्हणतो. त्यांच्याकडे ई-संजीवनीची सोय असते. मोबाइल किंवा संगणकाच्या पडद्यावरून ते लांबच्या डॉक्टरशी आपल्यासमोर बोलू शकतात. अमेरिकेतली गोष्ट सांगितली ना, तिच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची सोय हीच. ‘सर, हे ई-संजीवनीवर विचारता का?’ एवढं म्हणायला शिका.

३. चाकूरचं ग्रामीण रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि नर्स अशी माणसं असतात. हे पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी येतं. दिवस बदलू शकतो, म्हणून जायच्या आधी आशाताईंकडून किंवा केसपेपरच्या खिडकीवरून विचारून घ्या. मजुरी बुडवून फेरा वाया जायला नको.

४. मैत्री क्लिनिक. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यातलं सल्ला केंद्र. पाळीपासून नशेपर्यंत आणि मनाच्या ताणापर्यंत सगळं इथे बोलता येतं. वयात आलेली पोर आईसमोर बोलत नसेल तर तिला इथे आत एकटी बसू द्या. तुम्ही बाहेर थांबा.

५. लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, म्हणजे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. तिथे बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. चाकूरहून पाठवल्याची चिठ्ठी सोबत न्या.

६. टेली-मानस, फोन नंबर १४४१६. हे १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. दिवसरात्र कधीही, मोफत, मराठीतून. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाला जोडून देतात आणि जवळ कुठे जायचं ते सांगतात. लेकरासाठी आईनं फोन केला तरी चालतो. नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाका. ‘टेली-मानस’ नाव नको वाटत असेल तर ‘ताई १४४१६’ म्हणून टाका.

डॉक्टरला काय सांगायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. डॉक्टरकडे दोन मिनिटं असतात. ती दोन मिनिटं कामी यावीत म्हणून आधी आठ-दहा दिवस वहीच्या पानावर लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर मोठ्या लेकराकडून किंवा गटाच्या सचिवाकडून लिहून घ्या.

- कधीपासून सुरू झालं? तेव्हा घरात किंवा शाळेत काय बदललं होतं? (शाळा बदलली, वडील कामाला बाहेर गेले, घरात भांडण, कुणी वारलं)
- कोणत्या वारी, कोणत्या वेळी दुखतं? रविवारी, सुट्टीत दुखतं का?
- झोप, जेवण, खेळ कसं आहे?
- शाळेतले गुरुजी, बाई काय सांगतात?
- आतापर्यंत काय औषधं झाली? जुने कागद एका पिशवीत.

मग डॉक्टरला स्वतःहून सांगा : “डॉक्टर, मला वाटतंय ह्याच्या मनात काहीतरी आहे. जरा त्याच्याशी एकट्याशी बोलता का?” हे एक वाक्य बोलायला आपल्याला फार जड जातं. पण ते ऐकलं की डॉक्टरचं लक्ष दुसरीकडे वळतं. आणि घरातली मारहाण, दारू लपवू नका. लपवली तर उपचार चुकीच्या दिशेनं जातो.

‘लोक येडं म्हणतील’

हे मला प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. पोरगी असेल तर पुढे लग्नाचं टेन्शन. तुमची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार सरकारी व्यवस्थेत मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा आपला हक्क आहे आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. दुसरं म्हणजे, लेकरांच्या बाबतीत दरवेळी गोळ्याच लागतात असं नाही. बऱ्याचदा बोलणं, आईवडिलांना समजावणं, शाळेत थोडा बदल एवढ्यानंही फरक पडतो. गोळी दिली तर डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

अंगारा लावायचा असेल तर लावा, मी भांडणार नाही. पण त्यासाठी दवाखान्याची तारीख चुकवू नका आणि लेकराला चटके, मार, उपास असलं काही होऊ देऊ नका.

हे दिसलं तर थांबायचं नाही

लेकरू मरणाच्या गोष्टी बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, तर ‘धमकी देतंय’ म्हणू नका. शांतपणे सरळ विचारा : “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट लेकरू मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध आपल्या घरात पलंगाखाली, माळ्यावर असतं. ते कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ. १४४१६ ला फोन करा. काही प्यायलं असेल तर वेळ न घालवता १०८ ची गाडी बोलवा. लेकराशी कुणी वाईट वागत असेल, घरातलं का असेना, तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे.

आपला गट काय करू शकतो?

दशसूत्रीत आरोग्य आहे. पण आपण ‘हिमोग्लोबिन तपासलं’ एवढंच लिहून मोकळ्या होतो. यापुढे तीन गोष्टी करू या.

पहिली : ‘मुलाचा दवाखाना’ म्हणून एकाच घरात दुसऱ्यांदा कर्ज गेलं, की अध्यक्ष किंवा सचिव ताईंनी बैठकीनंतर, सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन विचारायचं. कर्ज अडवायचं नाही, फक्त विचारायचं. मीसुद्धा दप्तर तपासताना आता विचारते.

दुसरी : तपासणीचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत कधी येणार, ती तारीख ग्रामसंघानं आधी काढून फळ्यावर लिहायची. ज्यांच्या लेकराबद्दल शंका आहे, त्या आईनं त्या दिवशी तिथे हजर राहायचं. शक्य असेल तर गटातली एक ताई सोबत.

तिसरी : बैठकीत ऐकलेलं बैठकीतच ठेवायचं. पाणवठ्यावर, किराणा दुकानात नाही. एकदा गोष्ट बाहेर गेली की पुढची आई तोंड उघडणार नाही.

त्या पोराचं पुढे काय झालं, ते विचाराल. लातूरला तपासणी झाली. वाचनाची अडचण आहे, बुद्धी चांगली आहे, असं सांगितलं. वाचनाचा सराव कसा घ्यायचा ते आईला आणि शाळेला समजावलं. गुरुजींनी त्याला सगळ्यांसमोर वाचायला उठवणं थांबवलं, वेगळं बसवून थोडं थोडं शिकवतात. लातूरला फेऱ्या मारायला भाडं लागतं, एक-दोन तारखा हुकल्यासुद्धा. वाचन अजून अडखळतंच. पण पोट दुखायचं बरंच कमी झालंय आणि पोरगं शाळेत जातंय. तिसऱ्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्या ताईंनी गेल्या महिन्यात भरला.

पुढच्या बैठकीत हा लेख एकीनं मोठ्यानं वाचून दाखवा आणि १४४१६ नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून घ्या. कुणाला काही विचारायचं असेल तर मी गावात आले की मला बाजूला बोलवा. मी थांबेन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, चाकूर